रविवारी तव्यावरची सुरमई आणि वाईन: चटणी लावू का नको?

राजारामपुरीकर
मंडळी, रविवारी घरी आम्ही दोघंच. (शनिवारीच करणार होतो, पण बायकोचा शनिवार असतोय.) सुरमईच्या तुकड्या तव्यावर आणि सोबत वाईनची बाटली, एवढाच बेत. वाईनमधलं मला काही कळत नाही, दुकानदार तांबडी घ्या म्हणतोय. दुसरं, कांदा-लसूण चटणी लावू का? ती नसली तर आमच्यात मासा खाल्ल्यासारखं वाटत नाही. नॉनस्टिक पॅन आहे, आईचा बिडाचा तवाही आहे.

फौंड्रीवाला
बिडाचा तवा काढा, विषय संपला. जन्म कोल्हापूरच्या शिरोलीत बीड ओतण्यात गेलाय म्हणून सांगतो. बीड तापायला वेळ घेतं, पण गार तुकडी पडली तरी लगेच थंड होत नाही. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं निवांत तापू दे. नॉनस्टिक एवढं कोरडं तापवायचं नसतंय.

तुकडी बोटभर जाड मागा. पातळ काप रंग येईस्तोवर आतून सुकतात. मीठ-हळद लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पाणी सुटेल, ते स्वच्छ फडक्यानं टिपा. सगळं काम इथंच आहे. ओली तुकडी टाकली की आधी पाणी उकळत बसतं, मासा वाफेवर शिजतो आणि रंग काही येत नाही. तेल चमकायला लागलं की तुकडी ठेवा आणि हात मागं घ्या. उलथनं टोचत बसायचं नाही, नीट भाजली की ती आपणच तवा सोडते. एक बाजू तीन-चार मिनिटं, दुसरी जरा कमी. मधल्या काट्याजवळचं मांस पांढरं झालं की उतरवा. रवा मी लावत नाही. रव्याखाली मासा ताजा आहे का शिळा ते कळत नाही, हॉटेलवाल्यांना बरं पडतंय.

चटणी तव्यावर नको. एवढ्या तापात कांदा-लसूण करपून कडू होतो. शेवटी आच बारीक करून लोण्याचा गोळा, ठेचलेला लसूण, काळी मिरी. एवढंच. वाईनसाठीपण हेच बरं, कारण दारूनं तिखटाची आग वाढते. चटणीशिवाय जमतच नसेल तर ताटात चिमूटभर बाजूला घ्या.

तांबडी तर नकोच. तिच्यातलं लोह आणि माशाची चरबी एकत्र आली की तोंडात वशाट, धातूसारखी चव राहते. पांढरी घ्या. सुलाची शेनिन ब्लाँ नाशिकची, किंचित गोडसर, जिभेवर चटणी असली तरी सांभाळून घेते. लोणी-लिंबूच असेल तर सोव्हिन्यों ब्लाँ, ती कोरडी आणि आंबटसर. फ्रातेल्ली कंपनीची घ्यायची असेल तर ती सोलापूर जिल्ह्यातली, अकलूजकडची.

मालवणची_लेक
टिपण्याबद्दल शंभर टक्के. रव्याचं सोडा, पण टिपलेल्या तुकडीला तांदळाच्या पिठाचा हलका हात तरी लावा, कुरकुरीत कड येते. आणि वाईन आहे तर सोलकढी त्याच घोटाबरोबर नको. कोकमाच्या आगळाच्या आंबटापुढं वाईन पाणचट लागते. जेवण झाल्यावर प्या.

गंगावेसकर
वाईन कशाला भावा? जेवा आणि गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध मारा. माशावर दूध नको म्हणतात म्हणे, तेवढं बघा.

राजारामपुरीकर
😄 दूध सोमवारी. फौंड्रीवाले, शेनिन किती गार पाहिजे? आणि पांढरा रस्सा चालेल का बरोबर?

फौंड्रीवाला
आठ ते दहा अंश. फ्रीजमध्ये दोन-तीन तास. विसरलात तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ टाकून वीस मिनिटं बाटली बुडवा. नुसत्या बर्फानं एवढ्या लवकर गार होत नाही.

पांढरा रस्सा शेनिनबरोबर चांगला जातो, त्यात नारळ-काजू असतंय, लाल तिखट नसतंय. पण त्यासाठी दोघांपुरता मटणाचा आळणी रस्सा, म्हणजे मटण शिजवल्याचं पाणी, काढत बसणार, आणि तुकड्या कोण बघणार? साधा भात टाका.