सोळावा आठवडा, दुसरं इंजेक्शन बाकी आणि मी दर वेळी नवं कारण काढते

पऱ्हाटीचं_बोंड (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार. पहिलंच बाळंतपण आहे, सोळावा आठवडा सुरू आहे. प्रश्न वाचून हसू येईल. हसा, पण हसून झाल्यावर उत्तर द्या.

मला सुईची भीती वाटते, आणि ती थोडीथोडकी नाही. नोंदणीच्या दिवशी उपकेंद्रात धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शन झालं. झालं म्हणजे काय, आशाताईंनी एक हात धरला आणि जाऊबाईंनी दुसरा. स्टीलच्या ट्रेमध्ये काहीतरी खणकन वाजलं, स्पिरिटचा वास आला, कानात भुंगा शिरल्यासारखं झालं. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर होते, पदर भलतीकडेच, आणि बाकावरच्या सात-आठ बाया माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. एक म्हणाली, "इतकुशा सुईले भेली, मंग डिलेवरी कशी करन वं थे?" सिस्टरही चिडल्या. त्या गडबडीत रक्त काढायचं राहूनच गेलं.

आता कार्डावर रक्तगट, हिमोग्लोबिन, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), सगळे रकाने कोरे आहेत. दुसऱ्या इंजेक्शनची तारीख उलटून बारा दिवस झाले. आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. एकदा मी निंदणाच्या बायांवर लक्ष ठेवायला वावरात निघून गेले (कोणी बोलावलं नव्हतं), दुसऱ्यांदा पोळ्याच्या पुरणाचं निमित्त केलं. सासूबाईंना वाटते, सून लय कामाची आहे.

दुखण्याची भीती नाही, हे आधीच सांगते. मागच्या वर्षी विंचू चावला, रात्रभर कळवळत बसले, पण शुद्धीत होते. सगळे म्हणतात, मुंगी चावल्यासारखं होते. अहो, मुंगी चावायच्या आधी ट्रे वाजवत नाही ना! भीती आहे ती पडण्याची. पडले आणि पोटाला लागलं तर? आणि परत त्या बाकासमोर तोच तमाशा?

९ तारखेला ग्रामीण रुग्णालयात सगळ्या गरोदर बायांची तपासणी असते, तेव्हा जायचं ठरलं आहे. रक्त तपासलंच नाही हे यांना अजून सांगितलेलं नाही. यातून कोणी गेलं आहे का?

दोन_पोट्ट्यायची_माय (आर्वी)

गेली ना मी, दोन्ही खेपेला. पहिल्यांदा तर सिस्टरच्या अंगावरच कोसळली होती.

दुसऱ्या खेपेला एकच गोष्ट बदलली. आत गेल्या गेल्या सांगून टाकलं, "मॅडम, मला सुई पाहून घेरी येते, मागं पडली आहे. आधी टेबलावर झोपवा, मग काय काढायचं ते काढा." त्यांनी झोपवलं. त्यांनाही पडलेली बाई उचलण्यापेक्षा झोपलेल्या बाईचं रक्त काढणं सोपंच जाते. सकाळी पहिला नंबर लाव, बाकावर दोन तास वाट पाहण्यात भीती चढत जाते. उपाशी जाऊ नको, पाणी पिऊन जा, शीर लवकर सापडते. उपाशी यायला त्यांनीच सांगितलं असेल तर तसं कर. मी भिंतीवरच्या कुटुंब नियोजनाच्या पोस्टरवरची अक्षरं उलटी वाचत होती. अर्ध्यात आली तोवर काम झालं होतं.

आणि नवऱ्याला आजच सांग. ते कोरं कार्ड त्याला दुसऱ्याकडून कळलं तर सुईपेक्षा जास्त टोचन.

जुनं_खोड

आजकालच्या पोरी फार नाजूक. माझ्या आईला ९ लेकरं झाली, एक इंजेक्शन माहीत नव्हतं. सगळं घरीच.

दोन_पोट्ट्यायची_माय (आर्वी)

काका, ९ झाली, त्यातली मोठी किती झाली तेही लिहा ना. माझ्या आजीला सात झाली. दोघांची नाळ विळ्यानं कापली होती. आठवड्याच्या आतच दूध ओढेनात, अंग ताठ झालं आणि गेली. त्यालेच धनुर्वात म्हणतात.

उपकेंद्रवाली

मी एएनएम म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर आहे, जिल्हा सांगत नाही. आधी त्या सिस्टरच्या वतीनं माफी मागते. चिडायला नको होतं. आमच्याही डोक्यावर पन्नास रजिस्टरं असतात, पण ते तुमचं काम नाही.

बोंडताई, तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी होत आहेत, भीती आणि चक्कर. साप दिसला तर छाती धडधडते, बीपी वाढते आणि माणूस पळतो. सुई-रक्ताच्या भीतीत आधी धडधड वाढते आणि मग नाडी व बीपी एकदम खाली येते. डोक्याकडे रक्त कमी पोचते, कानात आवाज येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली. यात नाजूकपणाचा संबंध नाही, चांगले धिप्पाड गडी पडताना पाहिले आहेत मी. बरेचदा हे घराण्यातच असते. माहेरी विचारून पाहा.

म्हणून "अंग सैल सोड, मोठा श्वास घे" एवढं सांगून तुमच्यासारख्यांचं भागत नाही, कधी उलटंच होते. तुम्हाला बीपी वर ठेवायचं आहे. मुठी आवळा, दंड, मांड्या, पोटऱ्या कडक करा, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद साधं बसा, अगदी ढिलं पडू नका. असं पाच वेळा. पोट आवळायचं नाही, श्वास कोंडायचा नाही, आणि ज्या हाताला सुई टोचायची तो हात सैलच ठेवायचा. आतापासून घरी रोज चार-पाचदा करा, म्हणजे त्या दिवशी आठवावं लागणार नाही. आशाताईंना सांगून सीलबंद सिरिंज एकदा हातात घेऊन पाहा, नुसती. दुसऱ्या दिवशी परत. झोपायचं तर डाव्या कुशीवर, आणि झाल्यावर पंधरा मिनिटं उठायचं नाही. काही जणी कातडी बधिर करणारं लिग्नोकेनचं मलम विचारतात. डॉक्टरांना विचारून तासभर आधी लावता येते, पण ते टोचण्यासाठी. तुमचं दुखणं टोचण्याचं नाहीच.

९ तारखेला गेल्यावर सांगा की सगळ्या तपासण्यांचं रक्त एकाच वेळी घ्या. हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, व्हीडीआरएल (गुप्तरोगाची तपासणी), कावीळ बी, सगळं एका टोचण्यात निघते. सिकलसेल तर आपल्या विदर्भात चुकवूच नका. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. साखरेच्या तपासणीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पाहतात, ती २४ ते २८ आठवड्यांत परत होते. दुसरं टीडी, म्हणजे तुमचं धनुर्वाताचं इंजेक्शन, पहिल्यानंतर चार आठवड्यांनी देतात. उशीर झाला म्हणून पहिलं वाया जात नाही, आता घेऊन टाका.

आणि सुई टाळायचीच असेल तर लोहाच्या गोळ्या टाळू नका. मी हे बायांना हसत हसत सांगते, पण खरं आहे. हिमोग्लोबिन फार खाली गेलं की आयर्न सुक्रोज, म्हणजे लोहाचं औषध, शिरेतून द्यावं लागते, म्हणजे सलाईन आणि तोवर सुई हातातच. रोज एक गोळी, लिंबू-पाण्यासोबत. चहासोबत नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही. शौचाला काळं होईल, घाबरू नका.

ट्रॅक्टरवाला_बाबा

माझी बायको अशीच होती. मी डॉक्टरच्या आणि तिच्या मध्ये उभा राहून सोयाबीनचा भाव, पाऊस, मेहुण्याचं लग्न, काहीही बोलत राहायचो. तिला ट्रे दिसला नाही पाहिजे, बस. नवऱ्याला न्या. नाहीतरी आम्ही बाहेर गाडीजवळ खर्राच घोटत बसतो.

पऱ्हाटीचं_बोंड

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. ९ तारीख होऊन गेली.

यांना त्याच रात्री सांगितलं. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "मंग त्या दिवशी वावरात काऊन गेली होती?" मी गप्प.

उपकेंद्रवाली ताईंनी लिहिलं म्हणून माहेरी फोन केला. आई हसायलाच लागली. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा डॉक्टर बैलांना टोचायला गोठ्यात यायचे, आणि बाबा कासरा माझ्या हातात देऊन "पाणी पाहून येतो" म्हणत बाहेर जायचे. मला वाटायचं, खरंच पाणी पाहायला जातात! बैलाच्या सुईनंही त्यांना घेरी यायची, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं.

चुलीसमोर बसून मुठी आवळायची प्रॅक्टिस केली. सासूबाईंनी विचारलं, "कोणावर राग काढतेस?" सिरिंज तीनदा हातात घेतली. पहिल्या दिवशी हात थरथरत होता, तिसऱ्या दिवशी पुडीवरची एक्स्पायरी डेट वाचली.

ग्रामीण रुग्णालयात नंबर सातवा लागला, पहिला नाही, एसटीच उशिरा आली. आत गेल्यावर पाठ केलेलं वाक्य म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं," आणि टेबलाकडे बोट दाखवलं. एवढंच. हे मध्ये उभे राहून सोयाबीनचा भाव सांगत होते, तोही चुकीचा. रबरी पट्टा बांधला तेव्हा भुंगा आलाच कानात. दुसरी मूठ आणि मांड्या आवळल्या, तोंड गरम झालं, भुंगा अर्ध्यातून परत गेला. तीन बाटल्या भरल्या, मी पाहिल्या नाहीत, यांनी मोजल्या. मग दंडावर टीडी. पडले नाही. घामानं ब्लाउज ओला झाला ते वेगळं.

हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे गोळ्या वाढवल्या. सिकलसेल नाही. रक्तगट ओ निगेटिव्ह निघाला, आणि यांचा बी पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाल्या, बाळ पॉझिटिव्ह असलं तर माझं रक्त त्याच्या रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून २८व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत परत एक. मी तिथंच सांगून आले, दोन्ही झोपवूनच द्यायचे.

बाबा म्हणत होते, त्या दिवशी मी येतो सोबत. नको म्हटलं. एका वेळी एकच टेबल असते तिथं.