किलोमीटरबरोबर महिनेही मोजा
नवी मोटरसायकल महिन्याला जेमतेम दोनशे किलोमीटर चालते, मग सर्व्हिसिंग पुढे ढकललं तर चालेल का, असं एकाने विचारलंय. ढकलू नका. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात. जे आधी भरेल ते धरायचं. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचं इंजिन पुरेसं तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये साठलेलं पाणी आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. गाडी कमी चालली तरी ऑइल खराब होतं.

पहिली सर्व्हिसिंग, साधारण 500 ते 1000 किलोमीटरची, तर मुळीच चुकवू नका. नव्या इंजिनाचे भाग घासून बसताना निघालेला धातूचा बारीक कीस त्या पहिल्या ऑइलबरोबर बाहेर पडतो.

चेनचं काम मात्र स्वतः शिकाच. दर 500 किलोमीटरला, आणि पावसात भिजली की लगेच, पुसून ल्यूब (चेनचं वंगण) द्या. फेरी मारून आल्यावर चेन कोमट असते, तेव्हा ल्यूब आत नीट मुरतं. आणि एक कळकळीची विनंती: इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवत चेन कधीही पुसू नका. स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्रात, बोटं सापडून तुटतात. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, चाक हाताने फिरवायचं.

टायरची हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना बघा. यादीत हमखास राहून जातं ते ब्रेक फ्लुइड, म्हणजे ब्रेकमधला द्रव. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, गाडी उभी असली तरी.