भावाचं राजकारण झोंबतं, स्वीडनचं गोड लागतं. असं का?

रंकाळाकाठ:
निवडणुकीवरनं धाकट्या भावाशी असा वाजलो की पांढऱ्या रश्श्यावर साय धरली तरी कुणी वाटी उचलली नाही. कोल्हापुरात मटणाचा यापेक्षा मोठा अपमान नसेल. त्या रात्री मार्टिन बेक या स्वीडिश पोलिसाची पहिली कादंबरी काढली. शोवाल आणि वालो या जोडप्यानं १९६५ ते १९७५ मध्ये अशा दहा लिहिल्या. दोघंही कट्टर मार्क्सवादी. स्वीडनच्या कल्याणकारी राज्याला आतनं कशी कीड लागली हे सांगायला खुनाचं निमित्त. मी डाव्यांपासनं चार पावलं लांबच, तरी दहाच्या दहा वाचल्या. पहिलीत कालव्यातला गाळ काढताना एका बाईचं प्रेत वर येतं. तिचं नाव कळायलाच कित्येक आठवडे जातात. बोटीवरच्या पर्यटकांनी काढलेले फोटो गोळा करून पोलिस एकेक चेहरा बघत बसतात, आणि बेकचं पोट बिघडलेलंच. घाई कुणालाच नाही. भाऊ मात्र दोन मिनिटांत निकाल लावतो, तोही फॉरवर्डवर.

तिखटजाळ:
भावा, खुनी लेखकच ठरवणार, पुरावाही तोच ठेवणार, आणि तू म्हणणार बघा किती सबुरी! तुला गोड लागतंय कारण त्यात तुझी गल्ली नाही, उसाचं बिल नाही. त्याच स्वीडनच्या मँकेलची १९९१ ची, वालांडर या पोलिसावरची पहिली कादंबरी घे. शेतावरच्या म्हाताऱ्या जोडप्यावर हल्ला होतो, मरता मरता म्हातारी ‘परदेशी’ एवढाच शब्द बोलते, आणि लोक निर्वासितांवर उठतात. तिथल्या वाचकाला ते झोंबलं असणार. वालांडरच्या इस्टाड गावाच्या जागी कागल घाल, ‘परदेशी’च्या जागी तुझ्या मनात येईल ते घाल. बघू किती पानं टिकतोस.

वाचनमंदिरवाली:
मी तर एप्रिलच्या दुपारी बर्फासाठी वाचतो. (मुलगीच आहे, पण कोल्हापूरची. ‘वाचते’ तोंडात बसत नाही.) पण राजकारण गाळून वाचता येत नाही हे खरं. स्वीडनच्याच स्टीग लार्सनच्या पहिल्या कादंबरीचं मूळ नाव ‘बायकांचा द्वेष करणारे पुरुष’. इंग्रजीत जाताना पुरुष गळाले, ड्रॅगन गोंदलेली मुलगी आली. दुकानात बरं दिसतं.

बिनसाखरेचा:
लांबचं, लांबचं काय लावलंय? स्वीडनचे पंतप्रधान पाल्मे २८ फेब्रुवारी १९८६ ला सिनेमा बघून बायकोबरोबर चालत निघाले होते, भर रस्त्यात गोळी घातली. २०२० मध्ये सरकारी वकिलांनी मेलेल्या माणसाकडे बोट दाखवून तपास थांबवला. आणि आपल्याच गावात १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी कॉम्रेड पानसरे आणि उमाताई फिरून परतत होते. पुढचं इथं कुणाला सांगायला नको. मला त्या कादंबऱ्या गोड लागत नाहीत. वाचतो मात्र.

तिखटजाळ:
यावर माझ्याकडं उत्तर नाही.

रंकाळाकाठ:
माझ्याकडंही. कागल घालून बघितलं. चौथ्या पानावर मिटलं. नंतर भावाला पहिला भाग नेऊन दिला. उघडायच्या आधी विचारतो, “लेखक कुठल्या पक्षाचा?”

वाचनमंदिरवाली:
मग सांगितलंस?

रंकाळाकाठ:
न्हाई. म्हटलं, खुनी सापडला की सांगतो. ऐंशी पानं झाल्यात त्याची. काल जेवताना विचारत होता, त्या बाईचं नाव तरी कधी कळणार म्हणून.