मतं वाढली, तरी खुर्ची गेली

'मतदार पांगले म्हणून ट्रम्प २०२० ची अमेरिकी अध्यक्षपदाची निवडणूक हरले' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. त्यांची मतं २०१६ पेक्षा एक कोटीहून जास्त वाढली होती. टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) बघा: २०१६ मध्ये ट्रम्पविरोधी उमेदवार हिलरी क्लिंटन तिथे ६० टक्क्यांनी पुढे होत्या, २०२० मध्ये बायडन जेमतेम ५ टक्क्यांनी! पण टेक्सास ट्रम्प यांच्याकडे होतंच, आणि राज्य जिंकलं की तिथली सगळी प्रतिनिधी-मतं (अध्यक्ष ठरवणारी राज्याच्या वाट्याची मतं) मिळतातच, त्यामुळे ही भर वाया गेली. फिनिक्सची मॅरिकोपा काउंटी मात्र निसटली आणि तिच्यापायी अ‍ॅरिझोनाची ११ प्रतिनिधी-मतं गेली.

अ‍ॅरिझोना, जॉर्जिया, विस्कॉन्सिन मिळून फरक अवघा ४३ हजारांच्या आसपास. ही तिन्ही फिरली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती. मग निर्णय प्रतिनिधिगृहाकडे (अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाकडे), दर राज्याला एकच मत, आणि तिथे जास्त राज्यं रिपब्लिकनांच्या, म्हणजे ट्रम्प यांच्याच पक्षाच्या, हातात होती. म्हणून विद्यमान अध्यक्षाचं पारडं जोखताना देशभरची टक्केवारी नव्हे, या काठावरच्या काउंट्या बघायच्या.