मदत हवी आहे : बुडालेला नफा आणि अक्विनासची न जुळणारी दोन मतं

नमस्कार मंडळी,

मध्ययुगीन युरोपातल्या व्याजबंदीवर वाचतोय आणि एका जागी पुरता अडकलोय. ख्रिस्ती धर्मशास्त्र किंवा कायद्याचा इतिहास कुणी वाचला असेल तर कृपया मदत करा.

मुद्दलापेक्षा जास्त घेणं हे पाप, यावर चर्च ठाम होतं. १३११-१२ मध्ये फ्रान्समधल्या व्हिएनला भरलेल्या चर्चच्या परिषदेने तर 'व्याज घेणं पाप नाही' असा हट्ट धरणाऱ्याला पाखंडी ठरवलं. तरीही कर्ज दिल्यामुळे देणाऱ्याचं प्रत्यक्ष नुकसान होत असेल ('दाम्नुम एमेर्जेन्स'), तर त्याची भरपाई आधी ठरवून घ्यायला तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्विनास आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात मुभा देतो. तोच पैसा धंद्यात घालून जो नफा झाला असता ('लुक्रुम सेसान्स'), तो मात्र ठरवून घ्यायचा नाही. जे अजून हाती आलेलं नाही आणि किती तरी कारणांनी हुकू शकतं, ते विकायचं कसं, असं त्याचं म्हणणं (दुसऱ्या भागाचा उत्तरार्ध, प्रश्न ७८).

हे पटतं. पण त्याच भागात प्रश्न ६२ बघा. कुणी शेतातलं पेरलेलं बी उकरून काढलं, तर त्याने अख्ख्या पिकाची किंमत द्यायची नाही, पण माणूस आणि परिस्थिती पाहून काही तरी द्यायचंच. मुदत टळल्यावरही धनकोचे पैसे अडवून ठेवणाऱ्याला तो हाच न्याय लावतो. म्हणजे न झालेल्या नफ्यालाही थोडी किंमत आहे! मग ती ७८मध्ये शून्यावर का येते? दोन दिवस हेच डोक्यात घोळतंय.

प्रतिसाद

छान प्रश्न. माझ्या मते फरक संमतीचा आहे. ६२मधल्या माणसाचा नफा त्याच्या मनाविरुद्ध हिरावला जातो. ७८मधला स्वतःहून पैसे देतो, म्हणजे नफ्याची संधी त्याने आपणच सोडली. ती कर्जदाराला विकायचा हक्क त्याला उरत नाही. म्हणूनच मुदत टळल्यानंतरची भरपाई पुष्कळ पंडितांना चालत होती, पहिल्या दिवसापासूनची नाही.

या भिंतीला त्याच काळात तडे जात होते. चर्चच्या कायद्याचा पंडित कार्डिनल होस्टिएन्सिसने (मृत्यू १२७१) एका व्यापाऱ्याचं उदाहरण घेतलंय : जत्रांमध्ये व्यापार करून कमावणारा हा माणूस त्यासाठी राखलेला पैसा एका गरजवंताला निव्वळ दयेपोटी देतो. अशाने बुडालेला नफा घ्यायला हरकत नाही, मात्र कर्जं देणं हाच त्याचा धंदा नसावा. पुढे फ्रान्सिस्कन पंथाचा संन्यासी पीटर ऑलिव्हीने (मृत्यू १२९८) आणखी धीट पाऊल टाकलं : व्यापारात घालायचं पक्कं ठरलेल्या पैशात नफ्याचं बीज आधीच असतं, म्हणून त्याचं मोल नुसत्या नाण्यांपेक्षा जास्त. पंधराव्या शतकात सिएनाच्या बर्नार्दिनो या धर्मोपदेशकाने हा विचार जवळपास जसाच्या तसा उचलला, ऑलिव्हीचं नाव न घेता. तुम्ही ऑलिव्हीचा करारांवरचा ग्रंथ ६२च्या शेजारी ठेवून वाचा. बी दोन्हीकडे आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार! संमतीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आता एक उपप्रश्न : पैसा जत्रेसाठीच राखला होता हे होस्टिएन्सिसचा व्यापारी पापनिवेदन ऐकणाऱ्या पाद्र्याला पटवणार कसं? हिशेबाच्या वह्या बघत, की त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत? यावर कुणी काही वाचलं असेल तर जरूर लिहा.