घर सांभाळून मोझॅक आणि हातकाम: कोकणातल्यांनी आपले अनुभव लिहा

टाइलच्या तुकड्यांतून चित्र मांडायला वेळ लागतो, आणि घरच्या माणसाला सलग वेळ कधीच मिळत नाही. डबे, शाळा, सासऱ्यांची औषधं, आंब्याच्या दिवसांत पेट्या भरणं. तरी आपल्याकडे घरोघरी कुणी ना कुणी काहीतरी घडवत असतं. ते कसं जमवता, काम कुठे अडलं, कसं सुटलं, हे सविस्तर लिहा. माझं मत आधीच सांगते: घरात टिकते ती अर्ध्यावर सोडून उठता येईल अशी कला. (धागाकर्ती, रत्नागिरी)

मालवणजवळून

आमच्या वृंदावनाला तुळशीच्या लग्नाआधी रंग काढायचा आणि पुढच्या पावसात त्याचे पोपडे निघायचे. म्हटलं, आता टाइलच लावू. दुकानात फुटके डबे पडून असतात, त्यातल्या भिंतीच्या चकचकीत टाइल घेतल्या. व्हिट्रिफाइड घेऊ नका, त्या फार कडक, हाताने हव्या तशा तुटत नाहीत. गोणपाटात गुंडाळून हातोडीचा ठोका द्यायचा, मग टाइलच्या पक्कडीने कडा नीट करायच्या. सासूबाईंनी आधी विचारलं, "कित्याक फोडतंस गो?" नंतर निळे तुकडे निवडून वेगळ्या डब्यात भरायला त्याच बसल्या.

अंगणात उकिडवं बसून एकेक तुकडा चिकटवणं मला शक्यच नव्हतं, म्हणून उलट्या मांडणीची पद्धत शिकले. जाड खाकी कागदावर नक्षी आरशात दिसते तशी उलटी काढायची. तुकडे रंगाची बाजू खाली करून मैद्याच्या पातळ खळीने चिकटवायचे. कागद पाटावर असला की पाहुणे आले तरी पाट उचलून कपाटावर ठेवता येतो. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चार तुकडे, मुलं झोपल्यावर आणखी थोडे.

सिमेंट मात्र थांबत नाही. मुलं मामाकडे गेली त्या दिवशी जांभ्यावर आधी केलेला गिलावा ओला करून टाइलचं सिमेंट लावलं आणि कागदासकट पट्टे दाबून बसवले. दुसऱ्या दिवशी कागद पाण्याने भिजवला, खळ सुटली, कागद सोलून निघाला आणि वेल पहिल्यांदा सरळ दिसली. मग तुकड्यांमधल्या फटींत ग्राउट, म्हणजे फटी बुजवायचं मिश्रण, भरलं, थोडं आवळल्यावर ओल्या स्पंजने पुसलं आणि पुढचे काही दिवस त्यावर पाणी शिंपडत राहिले.

अलिबागहून

तिसऱ्या केल्या की शिंपल्या टाकत नाही. उकळायच्या, जुन्या टूथब्रशने घासायच्या, कडक उन्हात वाळवायच्या. जरा घाई केली तर वास राहतो. मुलगा लहान-मोठ्या वेगळ्या करतो, मी आरशाच्या चौकटीवर बसवते. घरातल्या चौकटीला पांढरा गोंद पुरतो. पण पडवीत, पावसाची झड येते तिथे, तो मऊ पडतो. तिथे सिमेंटच हवं.

सावंतवाडीहून

मोझॅक नाही, गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. राजघराण्याने, विशेषतः सत्त्वशीलादेवींनी, राजवाड्यात ही कला जिवंत ठेवली म्हणून आम्हाला ती बघता आली. दशावतारी संचात १२० गोल पानं, दहा रंग, प्रत्येकी बारा. मला हा हिशोबच आवडतो, कारण एका बैठकीत एक पान तरी पुढे सरकतं. वेगळी खोली नाही म्हणून अडून बसलेल्यांनी कुडाळजवळच्या पिंगुळीला जावं. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात चित्रकथीचं (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेचं) संग्रहालय उभं केलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथून आल्यावर मी जेवणाच्या टेबलाची एक बाजू हक्काने मागून घेतली.

दापोलीहून

बायको नर्स आहे, तिला रात्रपाळी असते, त्यामुळे संध्याकाळनंतर मुलगी माझ्याकडे. ती जागी असताना टाइल फोडत नाही. कपच्या उडतात, म्हणून डोळ्यांना गॉगल लागतोच. कोरडं सिमेंट कालवताना तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे, कारण ओल्या सिमेंटने कातडी जळते. फोडून झालं की आधी फरशी ओल्या फडक्याने पुसायची, मगच मुलीला खोलीत घ्यायचं. तिला हात घालायचाच असतो, म्हणून जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापून दिले. मी टाइलचा मासा करतो, ती कागदाचा. तिच्या माशाला मोरपंखी शेपूट आहे आणि रंगांची निवड तिची, मला विचारलंही नाही.

धागाकर्ती

मालवणच्या ताई, तुमचं घर किनाऱ्याला लागून आहे ना? खाऱ्या वाऱ्याने फटी पांढऱ्या पडल्या नाहीत?

मालवणजवळून

अजून नाही. आमची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, म्हणून सिमेंट आणि ग्राउट कालवायला नळाचं गोडं पाणी घेतलं. खारं पाणी वापरलं तर क्षार वर येतात. आणि पावसाच्या तोंडावर काम काढू नका. दिवाळीनंतर उघडीप असते, हवा कोरडी असते. मी आता ओटीच्या पायऱ्यांचा कागद मांडायला घेतलाय. त्यावर पाय पडणार, म्हणून चकचकीत नाही, खरबरीत टाइल शोधतेय. कुणाकडे हिरव्या उरल्या असतील तर सांगा.