ऑटिझमची 'साथ', 'वाढ' आणि 'कारण' : कोणता शब्द कुठे?

मी आरोग्यविषयक लेखांचं संपादन करते. सध्या हाती असलेल्या मजकुरात "ऑटिझमची साथ" असा शब्दप्रयोग आला आहे. ऑटिझम म्हणजे संवाद आणि सामाजिक देवाणघेवाण वेगळ्या तऱ्हेने होणारी, मेंदूच्या घडणीतली जन्मजात अवस्था. 'साथ' हा शब्द काढायचा हे मी ठरवलंय. त्याच्या जागी काय ठेवावं यावर मतं हवी आहेत.

संदर्भ असा. अमेरिकेतली सीडीसी ही सार्वजनिक आरोग्याची सरकारी संस्था देशातल्या निवडक भागांमधल्या आठ वर्षांच्या मुलांच्या नोंदी तपासून दर दोन वर्षांचे आकडे काढते. २००० सालच्या नोंदींत १५० मुलांमागे एकात ऑटिझम आढळला होता, २०२२ सालच्या नोंदींत ३१ मुलांमागे एकात. हा दुसरा आकडा एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला आणि तिथले आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी त्यावरून ऑटिझमला 'एपिडेमिक' म्हटलं. शब्दकोश उघडला की त्याला 'साथ' हाच शब्द सापडतो.

पण मराठीत साथ येते, पसरते, तिची लागण होते, ती ओसरते. गोवराची साथ, पटकीची साथ. शब्द कानावर पडताच वाचक तीन गोष्टी धरून चालतो: काहीतरी बाहेरून आलं, ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि ते आधी नव्हतं. ऑटिझमच्या बाबतीत पहिल्या दोन चूकच आहेत. खरा वाद तिसऱ्या गोष्टीवर आहे, आणि 'साथ' म्हटलं की तो वाद निकालात निघाल्यासारखा वाटतो.

'वाढ' हा शब्द त्या मानाने निरुपद्रवी दिसतो, पण वाढ कशाची? ऑटिझम असलेल्या माणसांची, की ऑटिझम ओळखला गेलेल्या माणसांची? त्याच २०२५ च्या अहवालात टेक्ससमधल्या लॅरेडो इथे ऑटिझम आढळलेली हजारी ९.७ मुलं आहेत आणि कॅलिफोर्नियातल्या केंद्रात हजारी ५३.१. एकच देश, एकच वर्ष, आणि फरक पाचपटीहून जास्त. लवकर तपासणीची सोय कुठे किती आहे यामुळे हा फरक पडला असू शकतो, असं अहवालातच म्हटलंय. म्हणून मला 'निदानाचं प्रमाण' हा शब्दप्रयोग बरा वाटतो. 'ऑटिझमचं प्रमाण' लिहिलं की वाचक सरळ माणसांची संख्या समजतो.

प्रतिसाद

'निदानाचं प्रमाण' याला माझं पूर्ण अनुमोदन. त्यात भर घालतो, कारण 'ऑटिझम' या शब्दाचा अर्थच गेल्या शंभर वर्षांत इतका बदललाय की १९६६ चा आकडा आणि २०२२ चा आकडा शेजारी ठेवणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी मोजणं.

१९११ च्या सुमारास स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी हा शब्द घडवला तो स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या एका लक्षणासाठी: बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आत वळणं. मराठीतला 'स्वमग्नता' हा शब्द याच अर्थाला जवळचा आहे. सोव्हिएत बालमानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेव्हा यांनी १९२०च्या दशकात सहा मुलग्यांचं जे वर्णन केलं ते आज वाचलं तर ऑटिझमचंच वाटतं, पण ते फार काळ दुर्लक्षित राहिलं. अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवरचा लेख लिहिला आणि पुढची कित्येक वर्षं ऑटिझम म्हणजे त्या ११ मुलांसारखी मुलं, एवढाच अर्थ राहिला. व्हिक्टर लॉटर यांनी १९६६ मध्ये इंग्लंडच्या मिडलसेक्समधली मुलं तपासली तेव्हा आकडा आला दहा हजारांत साडेचार.

यानंतरचा टप्पा सगळ्यात बोलका आहे. लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी करून १९७९ मध्ये निष्कर्ष मांडले. कॅनर यांच्या वर्णनात बसणारी मुलं दहा हजारांत सुमारे पाच निघाली, म्हणजे लॉटर यांच्याइतकीच. पण सामाजिक देवाणघेवाण, संवाद आणि कल्पनाशक्ती या तिन्हींत अडचणी असलेली सगळी मुलं धरली तर दहा हजारांत वीसच्या वर. मुलं तीच, वस्ती तीच, पाहणी तीच. व्याख्या रुंद केली आणि आकडा चौपट झाला. अशी उडी पाहून कोणी हवेत, पाण्यात किंवा लसीत कारण शोधायला निघालं तर काय सापडणार?

त्यानंतर निकष पुन्हा पुन्हा बदलत गेले. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली १९८० मध्ये, निकष सैल झाले १९८७ मध्ये, ॲस्पर्गर (बोलणं आणि बुद्धी यांत मागे नसलेल्यांसाठीचं वेगळं निदान) आलं १९९४ मध्ये आणि २०१३ मध्ये सगळं मिळून 'ऑटिझम स्पेक्ट्रम' हे एकच रुंद निदान झालं. त्याच वर्षी एका व्यक्तीला ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण, अतिचंचलता) ही दोन्ही निदानं एकत्र देण्याची मुभा मिळाली, जी आधी नव्हती.

डेन्मार्कमधल्या २०१५ च्या अभ्यासानुसार १९८० ते १९९१ मध्ये जन्मलेल्या मुलांतल्या वाढीपैकी सुमारे ६० टक्के वाढ फक्त निकष बदलल्याने आणि बाह्यरुग्णांच्या नोंदी धरायला लागल्याने झाली होती. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात वाढीचा साधारण चौथा हिस्सा असा निघाला की मुलाची नोंद आधी बौद्धिक अक्षमतेखाली होती, नंतर ती ऑटिझमखाली आली.

प्रतिसाद

वरची माहिती पटली. पण म्हणजे खरी वाढ शून्य, असं म्हणायचंय का? तसं लिहिलं तर तोही वाचकावर अन्यायच.

धागाकर्ती

नाही, शून्य म्हणता येत नाही. आईवडिलांचं वय वाढलं की शक्यता थोडी वाढते हे अनेक अभ्यासांत दिसलंय, आणि आज अनेक देशांत लोकांना मुलं उशिरा होतात. फार अपुऱ्या दिवसांची बाळं आता जगतात, त्यांच्यातही प्रमाण जास्त आढळतं. यामुळे थोडी खरी वाढ झाली असणं शक्य आहे. म्हणून मी वाक्य असं केलंय: "ऑटिझमचं निदान होणाऱ्या मुलांचं प्रमाण बरंच वाढलं आहे; यातला मोठा वाटा बदललेल्या निकषांचा, तपासणीचा आणि जागरूकतेचा आहे, आणि प्रत्यक्ष वाढही काही असू शकते." लांब आहे, पण यातलं काही कापावंसं वाटत नाही.

प्रतिसाद

मी एका ऑटिस्टिक मुलीची आई आहे. मला 'कारण' या शब्दावर बोलायचंय.

'कारण' एकवचनात लिहिलं की त्यामागे लगेच एक बोट उभं राहतं, आणि आजवर ते आईकडेच वळलंय. कॅनर यांनी १९४३ च्या लेखाच्या शेवटी म्हटलं होतं की ही मुलं जन्मतःच तशी असतात. पण त्याच लेखात पालकांच्या थंडपणाबद्दलही लिहिलं होतं, आणि लोकांनी उचललं ते दुसरं. 'रेफ्रिजरेटर मदर', म्हणजे मायेची ऊब न देणारी थंड आई, हा शब्द त्यातून आला. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये ही कल्पना लोकप्रिय पुस्तकातून घरोघरी पोचवली. एका ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी त्याआधीच, १९६४ मध्ये, ही मेंदूच्या घडणीची गोष्ट आहे असं सविस्तर मांडलं होतं. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या: ११ एकसारख्या (जनुकं सारखीच असलेल्या) जुळ्यांपैकी चार जोड्यांत दोघांनाही ऑटिझम, १० भिन्न जुळ्यांपैकी एकाही जोडीत नाही. आईच्या मायेचा प्रश्न तिथे संपायला हवा होता.

संपला नाही, फक्त रूप बदललं. १९९८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांनी १२ मुलांवरचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय आला. मग आई अपराधी ठरली ती मुलाला लस द्यायला घेऊन गेली म्हणून. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, वेकफील्ड यांचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांवर झालेल्या २०१९ च्या अभ्यासात त्या लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलकडे बोट दाखवलं. म्हणजे आता ताप आला तेव्हा गोळी घेतली म्हणून आई दोषी.

माझ्या मुलीचं निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "गरोदरपणात काय काय घेतलं होतं?" मुलीला कशाची गरज आहे, हा प्रश्न पुढच्या भेटीतही आला नाही. तुम्ही संपादन करता म्हणून हात जोडून सांगते, 'कारण' हा शब्द लिहिण्याआधी त्याच्या समोर कोण उभं आहे ते बघा.

प्रतिसाद

वरच्या ताईंचं म्हणणं शब्दांच्या अंगाने पुढे नेतो. तीन शब्द वेगळे ठेवायला हवेत: संबंध, जोखीम आणि कारण.

पॅरासिटामॉलचंच बघा. काही अभ्यासांत 'संबंध' दिसला होता. पण स्वीडनमधल्या सुमारे २४ लाख ८० हजार मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एकाच आईच्या मुलांची आपसात तुलना केली गेली. एका गरोदरपणात गोळी घेतली होती, दुसऱ्यात नव्हती. अशी तुलना करताच तो संबंध नाहीसा झाला. म्हणजे आधी जे दिसत होतं ते गोळीपेक्षा त्या घरातल्या सामाईक गोष्टींमुळे असण्याची शक्यता जास्त. शिवाय गोळी ज्यासाठी घेतली तो तीव्र तापही गर्भाला त्रासदायक ठरू शकतो. अशा ठिकाणी 'कारण' लिहिणं चूक आहे, आणि 'संबंध' लिहून वाक्य तिथेच सोडणंही अपुरं.

याउलट अपस्मारावरचं (फिट्सवरचं) औषध व्हॅल्प्रोएट. तिथे 'जोखीम वाढते' हे शब्द योग्य आहेत, पण किती ते सांगायलाच हवं. डेन्मार्कच्या २०१३ च्या अभ्यासात हे औषध घेणाऱ्या आयांच्या मुलांत ऑटिझमचं निदान शंभरात सुमारे साडेचार, एकूण मुलांत सुमारे दीड. नुसतं 'तिप्पट' लिहिलं तर घाबरून कोणी औषध परस्पर बंद करेल, आणि गरोदरपणातला झटका जिवावर बेतू शकतो.

आणखी एक जोडी नेहमी गोंधळात टाकते: 'आनुवंशिक' आणि 'जनुकीय'. "आमच्या दोन्ही घराण्यांत कोणालाच नाही, मग आनुवंशिक कसं?" हा प्रश्न रास्त आहे. आनुवंशिक म्हणजे आईवडिलांकडून आलेलं. जनुकीय ही त्याहून मोठी कक्षा आहे: बीजपेशी तयार होताना किंवा गर्भधारणेच्या सुमारास नव्याने झालेला बदलही जनुकीयच, पण तो आईवडिलांमध्ये असतोच असं नाही. पाच देशांतल्या वीस लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात 'हेरिटॅबिलिटी' सुमारे ८० टक्के निघाली. याचं भाषांतर "८० टक्के मुलांना आईवडिलांमुळे ऑटिझम होतो" असं कधीही करू नये. लोकसंख्येत माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा भाग जनुकीय फरकांशी जोडता येतो, एवढाच त्याचा अर्थ. एकेका मुलाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. आणि जनुकं एक-दोन नाहीत, शेकडो आहेत. म्हणून 'कारणं' असं अनेकवचन निदान करावं.

प्रतिसाद

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान चाळिशी ओलांडल्यावर झालं. माझं नाव नोंदीत आलं तेव्हा एक आकडा वाढला, पण मी काही त्या वर्षी ऑटिस्टिक झाले नाही. शाळेतही होतेच, फक्त मला तेव्हा 'घुमी' म्हणायचे. मुलींचं असं फार होतं. पूर्वी चार मुलग्यांमागे एक मुलगी असं गुणोत्तर सांगत, नीट शोधलं तर ते तीनास एकच्या जवळ येतं. आम्ही इतरांचं बघून हसणं, नजर देणं, गप्पा मारणं पाठ करतो आणि घरी आल्यावर दिवसभराच्या श्रमाने कोसळतो. याला 'मास्किंग' म्हणतात. मराठीत 'मुखवटा' सुचवला जातो, पण मुखवट्यात फसवणुकीची छटा आहे. मी 'झाकून वागणं' म्हणते.

'ऑटिझमग्रस्त' आणि 'पीडित' काढा ही विनंती. 'स्वमग्न' हा शब्द मी स्वतःसाठी वापरत नाही, कारण त्यात मी लोकांकडे मुद्दाम लक्ष देत नाही असा भाव येतो. मी लक्ष देते, बहुतेकांपेक्षा जास्तच. पण ज्यांना तो शब्द आपला वाटतो त्यांच्याशी भांडण नाही, कितीतरी पालकांना पहिली माहिती याच शब्दाने मिळाली आहे. माझ्यापुरतं 'ऑटिस्टिक' चालेल.

'साथ' बद्दल एवढंच सांगते: साथ आली की ती आटोक्यात आणायची असते. मग मला वाचताना वाटतं, म्हणजे मला?

प्रतिसाद

वरचं वाचून गलबललो, आणि तरीही एक वेगळी बाजू मांडतो. माझा मुलगा पंचवीस वर्षांचा आहे. तो बोलत नाही, स्वतःला इजा करून घेतो, त्याच्याजवळ दिवसरात्र कोणीतरी लागतं. 'ऑटिझम म्हणजे वेगळेपण' हे वाक्य वाचलं की आमचं घर त्या शब्दातून बाहेर पडल्यासारखं वाटतं. व्याख्या रुंद झाली ते चांगलंच झालं, पण त्या रुंदीत सगळ्यात जास्त गरज असलेली मुलं दिसेनाशी होऊ नयेत.

'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२१ मध्ये अशा व्यक्तींसाठी 'प्रोफाउंड ऑटिझम' ही संज्ञा सुचवली. त्यावर ऑटिस्टिक प्रौढांपैकी अनेकांचा आक्षेप आहे, की अशाने माणसांची पुन्हा प्रतवारी होईल. मला दोन्ही कळतं. पण मराठीत काय लिहायचं? 'तीव्र' म्हटलं की दुखणं वाटतं, 'गंभीर' म्हटलं की आजारी वाटतो, 'गहन' तर तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातला शब्द.

धागाकर्ती

२०१३ च्या निकषांत आधाराची गरज तीन पातळ्यांत मांडली आहे: आधार लागतो, बराच आधार लागतो, खूपच जास्त आधार लागतो. त्याच धर्तीवर 'अखंड आधार लागणारी ऑटिस्टिक व्यक्ती' असं लिहिलं तर? मोजमाप माणसाचं होत नाही, गरजेचं होतं. मथळ्यात बसणार नाही हे खरं, पण मजकुरात बसेल.

प्रतिसाद

'अखंड आधार' चालेल. आमच्याकडे खरंच तसंच आहे. 'दिवसरात्र आधार' लिहिलंत तर आणखी नेमकं होईल, कारण आधार देणाऱ्याची झोपही त्यात मोजली जाते.